एक जून

मकरपुऱ्याच्या बेअरिंग कारखान्याची फाईल
पहिल्याच सोमवारी माझ्यापुढे आली.
तीनशे बारा माणसं, सहा रकाने:
नाव, लिंग, जन्म, कामाला लागल्याची तारीख,
मूळ पगार, शेरा.
वैष्णवसर म्हणाले, आधी डेटा धुऊन घे,
ग्रॅच्युइटीचं मग बघू.

धुणं म्हणजे काय ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलं.
एकजण जन्मायच्या आधीच कामाला लागला होता,
एकीचं वय एकशे चोवीस,
आणि एकेचाळीसजण निरनिराळ्या वर्षी
पण एकाच दिवशी जन्मलेले.
एक जून.
मी सगळ्यांना लाल रंग दिला, शेऱ्यात लिहिलं, संशयास्पद.
सर चहाचा कप हातात घेऊन मागे उभे.
"अगं, ही मास्तरांनी घातलेली तारीख.
तुमच्या घरी नाही कुणी?"

आहेत ना. बाबा.
त्यांना आम्ही दोनदा ओवाळतो,
एकदा तिथीला, एकदा बँकेच्या तारखेला.
मी लाल रंग काढला.

एप्रिलभर परीक्षेसाठी जे घोकलं
ते इथे, अलकापुरीच्या तिसऱ्या मजल्यावर,
गळक्या एसीखाली बादली ठेवून वापरतात.
टेबलात लाख माणसं एकदम जन्मतात,
कुणालाच नाव नसतं.
दर ओळीला थोडी गळतात,
दशांशचिन्हाच्या पलीकडे, बिनआवाज.
सत्तावन्नाच्या ओळीवर हजारी नऊ.
बाबा सत्तावन्नचे आहेत.
मी खालच्या ओळीवर गेले.

क्रमांक दोनशे सतरा, राठवा शनाभाई,
जन्माचा रकाना कोरा.
कारखान्यात फोन लावला तर कोकिलाबेन म्हणाल्या,
"लखी नाखो ने, पहेली जून."
नाही लिहिलं. का ते माहीत नाही.
बेचाळीस अंशांत स्कूटी घेऊन गेले.

ग्राइंडिंगवरून हात पुसत आले ते.
म्हणाले, आई सांगायची,
मोहाची फुलं वेचता वेचता कळा सुरू झाल्या.
आणि साल?
ओरसंगवर पूल नव्हता तेव्हाचं.
पूल कधी झाला?
तेव्हा मी बैल चारत होतो.
मी वहीत लिहिलं: मोह. पूल. बैल.
मग त्यांनी विचारलं,
"बेन, तुमच्या चोपडीत माझी किती बाकी?"

मी म्हटलं, टेबल एकट्या माणसाचं काही सांगत नाही, काका,
ते लाखाचं सांगतं,
एकाला लावायचं नसतं ते,
आणि असंच बरंच काही, घाईघाईने.
ते ऐकत राहिले. मग हसले.
पैशांचं विचारत होते ते.
हे मला परतताना कळलं,
लालबागच्या सिग्नलला, हेल्मेटच्या आत.

चोपन्न धरलं तर कंपनीच्या बोज्यात थोडे हजार इकडे,
छप्पन्न धरलं तर तिकडे,
अठ्ठावन्न धरलं तर शनाभाई
केव्हाच निवृत्त झालेत
आणि ग्राइंडिंगवर उभा आहे तो कोण?
सर म्हणाले, छप्पन्न. मधलं.
महिना तुझा तू घाल.

गृहीतकांच्या पानावर मी लिहिलं:
"क्र. २१७, जन्म मोहाच्या हंगामात. आधार, आई."
सरांनी पेन्सिलीने काट मारली,
वर लिहिलं, "आधार, कर्मचाऱ्याचं निवेदन."
काट हलकी होती. खालचं वाचता येत होतं.
टाइप करताना मी वरचंच घेतलं.

एक जूनला लवकर पोचले.
बाबांसाठी संध्याकाळी सेवउसळ न्यायची ठरली होती,
झणझणीत, तरी वेगळी बांधून.
ऑफिसात फक्त बादलीत टिपटिप.
मूल्यांकनाची तारीख एकतीस मार्च असते,
ती हलवायची नसते.
मी प्रत काढली, नुसतं बघायला,
आणि तिच्यात आजची तारीख घातली.

एकेचाळीस आकडे
एकदम एकेक घर पुढे सरकले.
दोनशे सतरा सरकले नाहीत,
ते एप्रिलातच मोठे झाले होते.

प्रत जतन करायची का, असं विचारत होतं.
जिन्यात सरांच्या चपला वाजल्या.